वाचकांचे प्रश्न : गाव सोडून गेलेल्या भावाची शाखा

प्रश्न : आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर बायकोमुलांसह गाव सोडून गेले. ते ‘मोगलाईत गेले’, म्हणजे निजामाच्या राज्यात गेले, एवढेच घरात सांगतात. सध्याच्या संगणकीकृत सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही, आणि आमच्या छापील कुलवृत्तांतात (घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकात) त्यांच्यापुढे ‘निर्वंश’ असे लिहिले आहे. शोध कोठून सुरू करावा?

उत्तर : ‘निर्वंश’ या नोंदीवर तूर्त विसंबू नये. कुलवृत्तांत बहुधा घरोघरच्या माणसांनी पुरवलेल्या माहितीवरून तयार होतात. ज्या शाखेचा पत्ताच नाही, तिच्याविषयी तिच्या भाऊबंदांनी जे सांगितले तेच छापले जाते. आणि जमिनीत वाटेकरी असलेल्या भाऊबंदांना एखादी शाखा संपली असे सांगणे फारसे गैरसोयीचे नसते.

माझ्या मते आपण सुरुवात जमिनीच्या कागदांपासून करावी. गाव सोडले म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा आपोआप सुटत नाही. तो कधीतरी विकला जातो, सोडून दिला जातो किंवा वारसांच्या नावे लागतो, आणि त्या वेळी गेलेला भाऊ आणि राहिलेला भाऊ, किंवा त्यांची मुले, एकाच कागदावर येतात. अशा कागदांपैकी सर्वांत अलीकडचा कागद आपल्याला हवा आहे, कारण त्यात ‘राहणार’ या शब्दापुढे नवे गाव लिहिलेले सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते.

संगणकीकृत सातबारा आजची स्थिती दाखवतो, त्यामुळे त्यावर नाव नसणे हा कोणताच पुरावा नव्हे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्याच गटाचे (जमिनीच्या आजच्या क्रमांकाचे), आणि गट पडण्यापूर्वीच्या सर्व्हे नंबरांचे, हस्तलिखित सातबारे व त्यांच्याआधीची कडईपत्रके (त्या काळच्या जमिनीच्या नोंदी) पाहावीत. काही जिल्ह्यांतील जुने अभिलेख संगणकावरही पाहता येतात; मात्र स्कॅन केलेले पान पुसट असेल तर मूळ नोंदवही पाहण्याचा आग्रह धरावा. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात दिलेला आकडा हा फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तो फेरफार काढावा, त्यात उल्लेखिलेला आधीचा फेरफार काढावा, आणि असे एकेक पाऊल मागे जावे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला असल्यामुळे १९१८ नंतरची घटना या नोंदींच्या आवाक्यात येते.

येथे एका नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असे लिहिलेले असेल, तर ती जमीन त्याच्या एकट्याची नसून तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून तेथे उभा आहे, असा अर्थ होतो. धाकट्या भावांची नावे अशा नोंदीमागे दडून राहतात, आणि ती बाहेर येतात थोरल्याच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत किंवा वाटपाच्या फेरफारात. हक्कसोडपत्र अथवा खरेदीखत झाले असेल, तर दस्तांची नोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूचीत ते वर्षवार शोधता येते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी मुलींची नावे वारस म्हणून सहसा लागत नसत. म्हणून त्या शाखेत फक्त मुलीच उरल्या असतील, तर ‘निर्वंश’ या शब्दाचा उगम तेथेही असू शकेल.

कोतवाल बुकातील, म्हणजे गाव नमुना १४ मधील, जन्ममृत्यूच्या नोंदी तहसीलच्या याच अभिलेख कक्षात मिळतात. १९१८ व १९१९ ची पाने अवश्य वाचावीत. धाकटे भाऊ खरोखर गाव सोडून गेले की साथीत दगावले आणि फक्त कुटुंब गेले, हे त्यावरून कळू शकेल. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते, केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते. तेव्हा बापाच्या नावावर शोधावे.

शोध आडनावावर मात्र बेतू नये. जुन्या कागदांत ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वल्द तमुक’ असे बापाच्या नावासह लिहीत, विवाहित स्त्रीसाठी ‘कोम’ आणि पतीचे नाव येई, आणि आडनाव कित्येकदा गाळले जाई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परगावी गेलेल्या माणसाला तेथले लोक त्याच्या मूळ गावावरून ओळखत, आणि पुढच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर तेच ‘कर’ लावून आडनाव होई. आपल्या गावाच्या नावाचे आडनाव मराठवाड्यात, म्हणजे जुन्या मोगलाईतल्या मराठी मुलखात, कोठे आढळते, हे पाहणे म्हणूनच फुकट जाणार नाही. एखादा मुलगा दत्तक गेला असेल, तर बापाचे नावही बदललेले असेल.

मोगलाईतील १९४८ पूर्वीचे महसुली कागद बऱ्याच ठिकाणी उर्दूत आहेत, त्यामुळे गाव निश्चित होईपर्यंत तिकडे हात घालू नये. गाव कळल्यावर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक (मराठवाड्यातील जमिनीची जुनी नोंद) आणि प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) पाहावे. रजिस्टरात जन्मस्थळाचा आणि आधीच्या शाळेचा रकाना असतो. गाव कळेना, तर त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूर येथील आपल्या तीर्थोपाध्यायांना भेटावे. त्यांच्या वह्यांत यात्रेकरू आपले मूळ गाव आणि पूर्वजांची नावे नोंदवतात, आणि नव्या गावी राहणारा माणूसही तेथे जुन्याच गावाचे नाव सांगतो. सरकारी कागदांत न सापडणारा दुवा येथे मिळू शकतो.

वारस सापडल्यास पहिल्या पत्रात जमिनीचा विषय काढू नये. शंभर वर्षांनी आलेले पत्र हिश्शासाठी आले आहे, असाच समज प्रथम होतो.

प्रश्न : घरातील एका मोडी कागदावर ‘फसली १३२०’ असे साल आहे. ते इसवी सनात कसे आणावे, आणि कागद कोणाकडून वाचून घ्यावा?

उत्तर : फसली हे महसुली कामासाठी वापरले जाणारे जुने साल; आपल्याकडील फसली सालात ५९० मिळवावेत. हे वर्ष जूनच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे फसली १३२० म्हणजे १९१०-११; कागदावर मराठी महिना असेल, तर दोहोंपैकी कोणते साल हेही ठरते. कागदावर शक असल्यास ७८ मिळवावेत. पौषापासून पुढच्या तिथी बहुतेक ७९ मिळवून येतात. मोडी वाचनासाठी पुराभिलेख संचालनालयाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या लिप्यंतरकाराकडे जावे, आणि त्याच्याकडून सारांश न घेता ओळीला ओळ असे पूर्ण लिप्यंतर मागावे, साक्षीदारांच्या नावांसकट. साक्षीदार पुष्कळदा भाऊबंदच असतात.