सिम्युलेटर ठीक आहे, पण मित्राचं मायक्रोलाइट नको

सिम्युलेटरवर विमान झकास उतरवतोस, मान्य. पण लायसन्सशिवाय मित्राचं मायक्रोलाइट, म्हणजे ते छोटं हलकं पण खरं विमान, उडवायचं डोक्यातून काढ. वर नेणं सोपंच असतं रे; गोची होते धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना. वळण हुकतंय वाटलं की नवखा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायाचं पेडल) जास्त दाबतो, शिवाय नाकही वर ओढतो. वेग आधीच कमी. एक पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचलून धरायची ताकदच जाते, आणि विमान गिरक्या खात खाली. ५०० फुटांवर सावरायला उंचीच नसते. तिथे नाक खाली करायला स्टिक (हातातला दांडा) पुढे ढकलावी लागते, जमीन समोर दिसत असताना! ही सवय प्रशिक्षक शेजारी बसल्याशिवाय लागत नाही. (विमा कंपनीही हात वर करेल, ते वेगळंच.) स्टुडंट लायसन्स १६व्या वर्षी मिळतं, पीपीएलला (खासगी पायलटचं लायसन्स) किमान ४० तास उड्डाण लागतं. आधी मेडिकल तपासणी करून घे, मग बारामतीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये चौकशी कर.