आजीचं विमान उडाल्यावर बाबाचं काय?

पहिल्या बाळंतपणाला आजी येते. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, ब्रिटनमध्येही तेवढंच. घरात डिंकाचे लाडू, शेक, मालिश सगळं सुरू होतं. आजी पाय पसरून त्यांवर बाळाला घेते आणि बाबा दारात उभा राहून व्हिडिओ काढतो. "तू जा रे, तुला ऑफिस आहे," असं म्हणून त्याला मायेनंच बाजूला केलं जातं.

बाबांच्या नैराश्यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली आला. त्यात साधारण दहा टक्के बाबांमध्ये नैराश्य आढळलं आणि सर्वांत जास्त प्रमाण बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना दिसलं. आता तारखा जुळवून पाहा. आजी प्रसूतीच्या महिनाभर आधी आली असेल, तर बाळ पाच महिन्यांचं होतं तेव्हा ती परत निघते. ज्याच्या हातात तोवर काहीच दिलं नाही, त्याच्यावर सगळं एकदम येऊन पडतं.

म्हणून मालिश आजी असतानाच शिकून घ्या. जमिनीवर जाड टॉवेल अंथरा, कारण तेल लावलेलं बाळ हातातून सटकतं. टेबलावर किंवा ओट्यावर नकोच. आजींनाही आग्रहाची विनंती आहे: शेवटचे दोन आठवडे तुम्ही नुसतं बसून सांगा, हात त्याचे चालू द्या. पहिले चार दिवस बाळ रडेल, तरी उठू नका.

सुट्टीही सगळी सुरुवातीलाच संपवू नका. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून बाबाची दोन आठवड्यांची रजा एकेका आठवड्यानं, बाळाच्या पहिल्या ५२ आठवड्यांत कधीही घेता येते. एक आठवडा आजी गेल्यानंतरसाठी राखा. अमेरिकेतली १२ आठवड्यांची बिनपगारी रजा तुटक घ्यायची तर कंपनीची संमती लागते, तेव्हा प्रसूतीआधीच विचारा.

रात्रीची वाटणी ठरलेली हवी. "गरज लागली तर उठव" ही वाटणी नव्हे, कारण मग आईच जागी राहते. रात्री नऊ ते दोन बाळ बाबाकडे, दोन ते सात आईकडे. दोघांनाही सलग पाच तास मिळतात. आईचं काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. बाळानं तोंड लावून उरलेलं दोन तासांत वापरा, नाहीतर टाका. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा. मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखं तापत नाही, मध्येच चटका देणारं राहतं. सुरुवात शुक्रवारी करा. हे बहुतेक घरी मोडतं ते तिसऱ्या रात्री, बाबा दार उघडून "थांबतच नाही गं" म्हणतो तेव्हा.

बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी थांबत नाही आणि तुमचे हात घट्ट व्हायला लागले, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा. त्या दहा मिनिटांच्या रडण्यानं बाळाला काही होत नाही. हलवलं, गदगदवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आमच्या मते पुरुषाच्या ताकदीची खरी कसोटी त्या पाळण्याशी, हात सोडण्यात असते.

पुरुषाचं नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही. तो चिडचिडा होतो, ऑफिसचं काम वाढवतो, रोज एक पेग घेऊ लागतो, घरासमोर गाडी बंद करून वीस मिनिटं आतच बसून राहतो. बायकोला वाटतं, याला घर नकोसं झालंय. "मी बघतो सगळं" या वाक्यानं तिला काहीच कळत नाही. नेमकं बोला: "तीन आठवडे मला नीट झोप नाही, बाळाजवळ गेलं की छाती दडपते, गुरुवारी डॉक्टरांकडे येशील का?" आईबाबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगणं जड जात असेल, तर आधी भावाला किंवा बहिणीला सांगा.

डॉक्टरांकडे नैराश्य तपासणारी एडिंबरा प्रश्नावली मागा. मुळात बाळंतिणींसाठी १९८७ साली आली, पण बाबांसाठीही वापरतात. गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न असतात, गुण ० ते ३०. पुरुष कमी बोलून दाखवतात, म्हणून त्यांच्यासाठी धोक्याची रेघ थोडी खाली धरतात. तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर हे कंपनीला कळवत नाहीत. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी मदतवाहिनीला फोन करा: अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४.