मेलवर नोटीस पिरियड ३० दिवस ठरला, अपॉइंटमेंट लेटरवर मात्र ९०. मेल चालेल का?

तुम्ही विचारलंय की जॉइन होण्याआधी रिक्रूटरने मेलवर ३० दिवस मान्य केले, लेटरवर ९० तसेच राहिले आणि तुम्ही सही करून बसलात. आता राजीनामा द्यायचाय, तर तो मेल धरला जाईल का?

मेलने करार बदलतो, हे आधी सांगतो. करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे दोघांच्या संमतीने करारात बदल करता येतो. आयटी कायद्याचं कलम १०अ म्हणतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार बाद होत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या बॉक्साइटच्या व्यवहारात रीतसर करारावर सह्याच झाल्या नव्हत्या, तरी मेलांच्या देवाणघेवाणीतून करार झाला, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये धरलं.

तुमची अडचण वेगळी आहे. तुमचा मेल आधीचा आणि सही नंतरची. मी पुण्यात अकरा वर्षं एचआरमध्ये होतो, अशी शेकडो लेटर्स काढली. शेवटच्या पानांवर बहुतेक वेळा एक कलम असतं: 'या पत्राआधीची सर्व चर्चा व पत्रव्यवहार यापुढे लागू नाही.' ते असेल तर तुमचा मेल कमकुवत होतो. यात लबाडीच असते असं नाही. रिक्रूटर एक गोष्ट कबूल करतो, लेटर दुसराच कोणी ठरलेल्या टेम्प्लेटमधून काढतो आणि ९० चा आकडा बदलायचा राहून जातो. पण भुर्दंड सही करणाऱ्याला पडतो.

मग मेल पुन्हा नीट वाचा. आमच्याकडे एका मुलीला उत्तर गेलं होतं, 'नोटेड, मॅनेजमेंटशी बोलून कळवतो.' तिने तो होकार समजला. करार कायद्याच्या कलम ७ ला बिनशर्त, स्पष्ट स्वीकार लागतो, हा नव्हता. फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, तिचा दोन महिन्यांचा बेसिक कापला गेला. तो हिशेब माझ्याच टेबलावरून गेला, ते मला अजून लागतं. तुमच्या मेलमध्ये 'हो, ३० दिवस मान्य' असं असेल आणि लिहिणाऱ्याला तो अधिकार असेल, तर तुमच्या हातात बरंच काही आहे.

राजीनामा आज देऊ नका. आधी एचआरला, त्या जुन्या मेललाच रिप्लाय करून लिहा: 'अमुक तारखेला आपण नोटीस पिरियड ३० दिवस मान्य केला होता. लेटरमध्ये तो नजरचुकीने ९० राहिलेला दिसतो. कृपया दुरुस्तीचं पत्र द्यावं.' नुसतं 'हो' आलं तरी तो सहीनंतरचा मेल होतो आणि त्याचं वजन वाढतं. मात्र 'बदल फक्त दोघांच्या सहीनेच' असं कलम असेल, तर सहीचं अॅडेंडम (पुरवणी पत्र) मागाच.

मूळ मेल डिलीट करू नका, स्क्रीनशॉटवर विसंबू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर मेलच्या प्रिंटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. जॉइन होण्याआधीचा मेल बहुधा तुमच्या स्वतःच्या जीमेलवर असेल. कंपनीच्या आयडीवर असेल तर त्याची प्रत राजीनाम्याआधीच घ्या. कित्येक ठिकाणी राजीनामा दिला की त्याच संध्याकाळी लॉगिन बंद होतं.