पोर्टफोलिओ तयार आहे, कागदं कुठं आहेत?

कोल्हापूर आणि आसपासच्या वेब डिझायनर मुलामुलींनी परदेशातल्या नोकरीबद्दल विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. 'कुठला देश सोपा?' हे जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय. आमच्या मते त्याआधी एक गोष्ट बघायला हवी: केलेलं काम तुम्हाला कागदावर सिद्ध करता येतं का? चांगलं काम करणारी मुलं तिथेच अडकतात, म्हणून उत्तरांत भर त्यावरच आहे.

प्रश्न: शिवाजी विद्यापीठातून बीसीए केलंय, वय २७. चार वर्षं राजारामपुरीतल्या एका ऑफिसात वेबसाइटचं डिझाइन आणि बरंचसं कोडिंग करतो. अनुभवपत्रावर हुद्दा मात्र 'कॉम्प्युटर ऑपरेटर' आहे. पगार अर्धा बँकेत, अर्धा हातात. कॅनडा बघू की जर्मनी?

आधी तो हुद्दा बघा. तिकडचा अधिकारी तुमची वेबसाइट उघडून 'वा, छान' म्हणत नाही. तुमचं काम त्यांच्या सरकारी व्यवसाय-यादीतल्या कुठल्या कोडमध्ये बसतं, एवढंच तो बघतो. कॅनडात वेब डिझायनरचा कोड २१२३३ आणि वेब डेव्हलपरचा २१२३४. ऑस्ट्रेलियात वेब डिझायनर २३२४१४ मध्ये येतो आणि त्याची कौशल्य तपासणी व्हेटॅसेस करते, तर वेब डेव्हलपर २६१२१२ मध्ये येतो आणि त्याची तपासणी एसीएस करते. तपासणारी संस्थाच बदलते, म्हणजे फाइलच वेगळी. व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही निव्वळ दृश्य डिझाइन करणारा २१६६ मध्ये, ग्राफिक डिझायनरच्या शेजारी बसतो, आणि साइट कोड करणारा २५१३ मध्ये, म्हणजे आयटीत. जर्मनीत आयटीवाल्यांना ज्या सवलती आहेत, त्या या दुसऱ्या गटाला मिळतात.

कोड निवडताना आठवड्याचे तास मोजा. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लेआउट करण्यात जास्त वेळ जातो की एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट लिहिण्यात? जिकडे तास जास्त, तो तुमचा कोड. उगाच मोठा वाटतो म्हणून दुसरा घेऊ नका.

मग मालकांकडून लेटरहेडवर नवं पत्र मागा. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार, पाच-सहा ओळींत प्रत्यक्ष कामं आणि सही करणाऱ्याचं नाव, पद, फोन एवढं हवंच. कामाच्या ओळी सरकारी यादीतून जशाच्या तशा उतरवल्या तर संशय येतो. 'गूळ व्यापाऱ्यांच्या ऑनलाइन ऑर्डरसाठी साइट तयार केली, पेमेंटचं पान जोडलं' असं खरं काम लिहा. न केलेलं काम मात्र एक ओळही नको. खोटी माहिती उघड झाली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं.

पत्रात ३० हजार आणि पासबुकात १५ हजार असं दिसलं की फाइल अडते. पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार बँकेत मागा. मागच्या वर्षांचं रोख उत्पन्न आयकर रिटर्नमध्ये दाखवलं नसेल, तर अपडेटेड रिटर्न भरता येतं का ते सीएंना विचारा.

आता देश. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर कायमचं राहायला घेण्याच्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरचे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, त्यामुळे सगळी मदार वय, शिक्षण, अनुभव आणि भाषेवर आली. आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीत ७ आले तरच गुणांत खरी उडी मिळते.

तुमच्यासाठी आम्ही जर्मनीच्या शान्सनकार्टेचं, म्हणजे संधी कार्डाचं गणित आधी मांडू. हे कार्ड १ जून २०२४ पासून सुरू झालं. हातात नोकरी नसताना एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. सहा गुण लागतात. वय ३५ च्या आत, २ गुण. गेल्या पाच वर्षांत शिक्षणाशी संबंधित दोन वर्षांचा अनुभव, २ गुण. इंग्रजी सी१ पातळीची (युरोपीय मोजणीत ए१ सर्वांत खालची, सी२ सर्वांत वरची) असेल तर १. झाले पाच. जर्मन ए२ केलीत की सहावा. अनुभवाचे दोन गुण त्या पत्रावर अवलंबून आहेत, हे लक्षात आलंच असेल.

खर्चाची तयारी म्हणून २०२५ च्या हिशोबाने दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो दाखवावे लागतात, बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. ही फी नव्हे, तिथे गेल्यावर दरमहा तुम्हालाच मिळते. पण सुरुवातीला एकरकमी उभी करावी लागते, तेव्हा घरात आधी बोला. आपलं विद्यापीठ आणि पदवी अनाबिन या जर्मन यादीत शोधून त्या पानाची प्रिंट ठेवा. पदवी सापडली नाही तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाकडून तुलना-पत्र घ्यावं लागतं, त्याची फी २०८ युरो.

प्रश्न: माझी पदवी अर्धवट राहिली. सहा वर्षं डेव्हलपर म्हणून नोकरी केली, पगार बँकेतच येतो. मला कुठेच दार नाही का?

आहे. जर्मनीचं ईयू ब्लू कार्ड, म्हणजे कुशल लोकांसाठीचा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना, आयटीवाल्यांना पदवीशिवायही मिळू शकतं. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा, पदवीधराच्या तोडीच्या कामाचा अनुभव हवा आणि हातात नोकरीची ऑफर हवी. २०२६ साठी पगाराची किमान मर्यादा वर्षाला ४५,९३४.२० युरो आहे. ऑफर त्याखाली एक युरो असली तरी चालत नाही, म्हणून पगाराची बोलणी करताना हा आकडा समोर ठेवा. निव्वळ डिझाइन करणाऱ्याला हा मार्ग मिळणं अवघड.

ब्रिटनचा विचार असेल तर २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड झाली आहे. एवढी ऑफर मिळणं कठीण, त्यामागे आत्ता वेळ घालवू नका.

प्रश्न: शाहूपुरीतला एक एजंट दुबईत वेब डिझायनरची नोकरी देतो म्हणतो. चार लाख मागतोय. आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देऊ, असं सांगतो.

पैसे देऊ नका. आपल्या कायद्यानुसार परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघा, भिंतीवरची फ्रेम बघून नव्हे. परवानाधारक एजंटलाही सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयेच घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. चार लाखांना कुठलाच आधार नाही.

दुसरं, अमिरातीत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते. तिथल्या कायद्याने कामगाराला आणण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. खऱ्या नोकरीत आधी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं, मग कामाचा प्रवेश परवाना, आणि तिथे पोचल्यावर मेडिकल व एमिरेट्स आयडी. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार आणि भत्ते वेगळे वाचा, कारण नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते. पैसे आधीच दिले असतील तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार द्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न: पोर्टफोलिओत हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांची साइट आहे, मला ती फार आवडते. युरोपात चालेल का?

चालेल, थोडी डागडुजी करून. चांदीची झाक आणायला बरेच जण पांढऱ्यावर फिका राखाडी मजकूर ठेवतात. ९९९९९९ या रंग-कोडचा राखाडी पांढऱ्यावर जेमतेम २.८५ ला १ एवढाच उठाव (कॉन्ट्रास्ट) देतो. साध्या मजकुराला ४.५ ला १ लागतो. तोच रंग ७६७६७६ पर्यंत गडद केला की ४.५४ मिळतो आणि चांदीची झाकही जात नाही. २८ जून २०२५ पासून युरोपात ऑनलाइन दुकानांना सुगम्यतेचा, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीचा कायदा लागू आहे, म्हणून मुलाखतीत हे विचारतात. माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅबच्या कळीने पैंजण निवडून पैसे भरण्यापर्यंत जाऊन बघा. जिथे अडकाल, तिथे दुरुस्ती.

त्याच साइटची जर्मन आवृत्तीही करा. 'कार्टमध्ये टाका' या बटणावर 'इन डेन वारेनकोर्ब' आलं की लांबी वाढते आणि मोबाइलवर बटण फुटतं. किंमत १.२३४,५६ युरो अशी, म्हणजे टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलट. खाली इम्प्रेसुम हे मालकाच्या पत्त्याचं पान जर्मनीत कायद्याने लागतं. एवढं केलेलं दिसलं की तुम्ही त्या बाजारासाठी काम करू शकता हे समजतं. आणि ग्राहकाची लेखी परवानगी घ्यायला विसरू नका.

प्रश्न: मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं आणि वडिलांचं नाव. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं नाव आलं. अडचण येईल का?

नावांचा क्रम ही मोठी अडचण नाही, बदललेलं नाव आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र इंग्रजीत काढून घ्या आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र प्रत्येक अर्जासोबत लावा. स्पेलिंगही वेगळं असेल तर राजपत्रातली नोंद उपयोगी पडते. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, मागवायच्या आधीच हे उरका. ते जुन्या नावाने परदेशी संस्थेकडे गेलं आणि अर्ज नव्या नावाने असला, तर दोन्ही जुळेपर्यंत फाइल तशीच पडून राहते.

प्रश्न: फ्रीलान्सिंगचा अनुभव धरतात का?

कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर या एक्स्प्रेस एन्ट्रीतल्या मार्गात परदेशातला स्वयंरोजगार धरतात, पण स्वतःच स्वतःला दिलेलं पत्र चालत नाही. ग्राहकांची पत्रं, नंबर असलेली बिलं, तीच रक्कम बँकेत जमा झालेली आणि तीच रिटर्नमध्ये दाखवलेली, अशी साखळी लागते. एक वर्ष सलग, किमान १,५६० तास. आजपासून प्रत्येक कामाला बिल नंबर टाका आणि किती तास लागले ते त्याच बिलावर लिहून ठेवा.