काटा असूनही इंधन संपतं कसं?

प्रश्न : माझी मुलगी विमान चालवायला शिकते आहे. इंधन संपल्यामुळे एक चार आसनी विमान शेतात उतरवावं लागलं आणि उलटलं, ही बातमी वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. गाडीसारखा काटा विमानाला नसतो का? शिकलेल्या माणसाच्या हातून असं होतंच कसं?

उत्तर : काटा असतो, पण त्याच्यावर विसंबायचं नाही, हे मी बावीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. छोट्या विमानाची टाकी बहुधा पंखात, पसरट आणि उथळ. विमान जरा कललं की इंधन एका बाजूला धावतं आणि काटा डुलायला लागतो. म्हणून निघण्यापूर्वी झाकण उघडून खुणांची पट्टी टाकीत बुडवायची आणि ती कुठवर ओली झाली ते पाहायचं.

आता हिशेब बघा. जुन्या सेस्ना १७२ या चार आसनी विमानात वापरता येण्याजोगं इंधन साधारण १४४ लिटर. तासाला ३४ लिटर धरले तर सव्वाचार तास पुरतं. जायचंय ३३० सागरी मैल, वेग ११० नॉट, म्हणजे तासाला ११० सागरी मैल; तीन तास लागतील. सव्वा तासाचं शिल्लक राहणार म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण समोरून २० नॉटचा वारा लागला की जमिनीच्या तुलनेतला वेग ९० वर येतो आणि तेच अंतर कापायला तीन तास चाळीस मिनिटं लागतात. त्यातच वर गेल्यावर, विरळ हवेत, इंजिनाला जाणाऱ्या मिश्रणातलं इंधन कमी करायचं राहिलं आणि इंजिन तासाला ४० लिटर प्यायला लागलं, तर टाकी तीन तास छत्तीस मिनिटांत कोरडी. धावपट्टी अजून चार मिनिटांवर!

माझ्यावर ही वेळ येता येता टळली. लायसन्स नवं होतं, शेजारच्या प्रवाशाला घाई होती. दोन्ही काटे पाव टाकी दाखवत होते, घड्याळाचा हिशेब मात्र जेमतेम चाळीस मिनिटांचा निघत होता. डावीकडे खाली एक धावपट्टी दिसत होती. प्रवासी म्हणाला, ‘आता आलंच की!’ तरी मी उतरलो. पट्टी बुडवली तर नुसतं टोक निळसर ओलं. मला तिथेच पंखाखाली बसावं लागलं.

दुसरा प्रकार म्हणजे इंधन असूनही ते इंजिनाला न मिळणं. १९९७ मध्ये अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचं लाँग-ईझेड हे छोटं, घरी बांधता येणाऱ्या प्रकारातलं विमान कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या उपसागरात कोसळलं. इंजिनाला कोणत्या टाकीतून इंधन जावं ते बदलायची कळ त्यांच्या डाव्या खांद्यामागे होती. ती फिरवायला वळताना विमानावरचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. निघताना त्यांनी इंधन भरून घेतलं नव्हतं, यावरही तपासात बोट ठेवलं गेलं.

अमेरिकेच्या नियमानुसार बाहेर नजर ठेवून उडवायच्या विमानात दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचं राखीव इंधन लागतं. मला ते अपुरं वाटतं. माझ्या विद्यार्थ्यांना एक तासाचं शिल्लक ठेवूनच उतरावं लागे, दिवस असो की रात्र.

मुलगी लांबच्या उड्डाणाला निघाली की तिला एवढंच विचारा : अर्ध्या वाटेवर किती वाजता पोचशील, तेव्हा टाकीत किती लिटर हवेत, आणि तेवढे नसले तर कुठे उतरशील? तिन्ही उत्तरं तिच्या मांडीवरच्या कागदावर आधीच लिहिलेली असायला हवीत.