गुरुवारची सुट्टी

प्रश्न : ताई, माझे मिस्टर चाकणला एका कंपनीत आहेत. तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलतात. सुट्टी गुरुवारी, पण फ्लॅटचा हप्ता असल्यामुळे बहुतेक गुरुवार ओव्हरटाइमला जातात. मुलगा दुसरीत आहे. परवा बाईंनी ‘माझे बाबा’वर पाच ओळी लिहायला सांगितल्या. त्याने एकच लिहिली, ‘माझे बाबा झोपतात.’ ती वाचून हे काही बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. मी काय करू? – एक वाचक, मोशी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या मिस्टरांची भोसरीतली 31 वर्षं अशीच गेली. विजेचा भार विभागला जावा म्हणून वीज मंडळाने एमआयडीसीला सुट्टीचा गुरुवार दिला, शाळेला रविवार. दोघांच्या सुट्ट्यांची गाठ पडायची ती दिवाळीत.

माझी चूक आधी सांगते. नाईटचा आठवडा आला की घर मी मुठीत धरायचे. ते नऊला झोपायचे, त्याआधी कुकर उतरलेला असायचा. ‘आवाज करू नका, बाबा झोपलेत’ हे दिवसातून दहा वेळा. एकदा संध्याकाळी पाचला ते उठून चहा पीत बसले होते. धाकटी दारात आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘आई, बाबांना विचार ना, पेन्सिलला टोक करून देतील का?’ ते हाताच्या अंतरावर होते. त्यांनी ऐकलं. बशी खाली ठेवली आणि पेन्सिल मागून घेतली, पण त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर आम्ही संध्याकाळचा हट्ट सोडला आणि शिफ्टप्रमाणे वेळ शोधला. तुम्हाला एक सोय आहे, जी आम्हाला नव्हती. 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. तुमच्या मुलाची शाळा तशी असेल, तर नाईट करून आलेल्या बाबांनी त्याला शाळेत सोडावं आणि मग झोपावं. सेकंड शिफ्ट सगळ्यात वाईट, कारण रात्री ते येतात तेव्हा पोर झोपलेलं असतं. त्या आठवड्यात सकाळ पूर्ण बाबांची. अंघोळ, डबा, दप्तर, सगळं. तुम्ही मधे पडू नका. भांग वाकडा पडला तरी राहू द्या.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर शिफ्ट मुलालाच लिहू द्या. आमची पोरं चौकटीत ‘रात्र’ लिहायची आणि आठवडा कधी संपतो ते मोजायची.

ओव्हरटाइमचं बोलते. आठवड्याच्या 48 तासांवरच्या कामाला दुप्पट पैसे मिळतात, म्हणून नाही म्हणवत नाही. हप्ते मीही फेडलेत. तरी महिन्याचे दोन गुरुवार मागून घ्या. त्या दिवशी शाळेच्या फाटकावर त्याला आणायला बाबाच जाऊ देत. वर्षातून दोन-तीनदा गुरुवारी शाळा बुडवून त्याला बाबांबरोबर आळंदीला पाठवलंत, तरी मला ते चूक वाटणार नाही.

आणि ती वही मिस्टरांपासून लपवू नका. बाईंनी पाच ओळी सांगितल्या होत्या, चार अजून कोऱ्या आहेत. येत्या गुरुवारी त्याला बाबांच्या शेजारी वही घेऊन बसवा. कुठलं मशीन चालवता, डबा कुणाबरोबर खाता, रात्री झोप आली तर काय करता, असं त्याला विचारू दे आणि लिहू दे. तुम्ही तेवढा वेळ शेजारणीकडे जाऊन बसा.