पायथनमधून सी लायब्ररीचं फंक्शन बोलावलं तर लहान फाईल चालते, मोठ्या फाईलवर सेगमेंटेशन फॉल्ट येतो. शोध कुठून सुरू करू?

तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी आधी समोर मांडतो. सीमधला टेस्ट प्रोग्राम तीच मोठी फाईल बिनतक्रार वाचतो. पायथनमधून सीटाइप्स (पायथनमधून सी फंक्शन बोलावायचं मॉड्यूल) वापरून तेच ‘वाचा’ फंक्शन बोलावलं की लहान फाईल चालते, मोठी दिली की सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावल्यामुळे प्रोग्राम आडवा होतो. आणि मित्राच्या लिनक्स लॅपटॉपवर लहान फाईलसुद्धा चालत नाही. याशिवाय तुम्ही जाता जाता एक लिहून गेलात, की फंक्शनने परत दिलेली किंमत प्रिंट केल्यावर −१४६३५९९०८८ असं काहीतरी दिसलं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच ओळ. तुमचं फंक्शन डबलच्या (दशांश आकड्यांच्या) ॲरेचा पॉइंटर परत देतं. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, तो उणे कसा असेल?

सीटाइप्स तुमची हेडर फाईल (फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे लिहिलेली सीची फाईल) वाचत नाही. सी कंपायलर ती वाचतो, म्हणून तुमचा टेस्ट प्रोग्राम नीट चालतो. पायथनच्या हातात फक्त तयार .एसओ फाईल (कंपाइल झालेली लायब्ररी) असते आणि त्या फाईलमध्ये फंक्शनचं नाव असतं, पण ते काय घेतं आणि काय देतं याची नोंद नसते. तुम्ही सांगितलं नाही तर सीटाइप्स गृहीत धरतं की प्रत्येक फंक्शन इंट (साधा पूर्णांक) परत देतं. जुन्या सीमध्येही जाहीर न केलेल्या फंक्शनबद्दल हाच समज असायचा. १९९९ च्या मानकाने ती सवलत काढून टाकली. सीटाइप्समध्ये मात्र हा नियम आजही तसाच आहे.

आता ६४ बिट लिनक्सवर पॉइंटर ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा. समजा फंक्शनने खरा पत्ता दिला ७एफ१२ ए८सी३ ४०१० (हेक्समध्ये). सीटाइप्सने त्यातले खालचे ४ बाइट उचलले, म्हणजे उरलं ए८सी३ ४०१०. त्याचा सगळ्यात वरचा बिट १ आहे, म्हणून चिन्हासकट इंट म्हणून वाचल्यावर तो होतो −१४६३५९९०८८. तुमचाच आकडा. दहा आकडी मोबाईल नंबरातले शेवटचे सहाच आकडे टिपून घ्यावेत तसं झालं. पुढे हाच आकडा तुम्ही त्याच लायब्ररीतल्या ‘सरासरी’ फंक्शनला दिलात, त्याने त्या पत्त्यावर हात घातला, आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) प्रोग्राम बंद केला.

मग लहान फाईल का चालते? हा भाग नीट समजून घ्या, कारण याच कोड्यात लोक दिवसच्या दिवस घालवतात आणि शेवटी फाईल वाचणाऱ्या बिचाऱ्या सी कोडवर संशय घेतात. जीलिबसीचं (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचं) मॅलॉक, म्हणजे मेमरी मागायचं फंक्शन, लहान मागणी हीपमधून, म्हणजे प्रोग्रामच्या हाताशी असलेल्या मेमरीच्या साठ्यातून, भागवतं. मागणी साधारण १२८ केबीच्या पुढे गेली की ते कर्नलकडून एममॅपने वेगळी जागा घेतं आणि ती जागा ७एफ ने सुरू होणाऱ्या उंच पत्त्यांवर मिळते. तुमच्या मशीनवरचं पायथन बहुधा ‘पाय’ पद्धतीने, म्हणजे पत्त्यावर अवलंबून न राहणारी एक्झिक्युटेबल म्हणून, बिल्ड केलेलं नाही. अशा पायथनचा हीप खालच्या पत्त्यांवर असतो, तो पत्ता ४ बाइटमध्ये सहज मावतो, आणि कापूनही काही बिघडत नाही. मित्राचं पायथन ‘पाय’ असणार. त्याचा हीपसुद्धा ५५ किंवा ५६ ने सुरू होणाऱ्या उंच पत्त्यावर, म्हणून तिथे पहिल्याच कॉलला निकाल. म्हणजे मित्राचा लॅपटॉप खरं बोलतोय. तुमच्याकडे जे चालत होतं ते योगायोगाने.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. लायब्ररी लोड केल्याबरोबर, पहिल्या कॉलच्या आधी, ‘वाचा’ची रेसटाइप (परत येणाऱ्या किमतीचा प्रकार) पॉइंटर(सी_डबल) अशी सांगा, आणि ‘सरासरी’च्या आर्गटाइप्समध्ये (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या किमतींचे प्रकार) पॉइंटर(सी_डबल) आणि सी_साइझ_टी हे दोन्ही द्या. यातलं एकच करून थांबू नका. रेसटाइप म्हणून सी_व्हॉइड_पी दिलंत तर पायथनला पूर्ण पत्ता मिळतो खरा, पण तो साधा पायथन पूर्णांक म्हणून मिळतो. तोच पूर्णांक आर्गटाइप्स न सांगितलेल्या दुसऱ्या फंक्शनला दिला की सीटाइप्स त्याला पुन्हा इंट समजून कापतं. येताना वाचवलेला पत्ता जाताना तुटतो. मेमरी परत करणाऱ्या ‘मोकळं करा’ या तुमच्या फंक्शनलाही हेच लागू आहे. तिथे चुकीचा पत्ता गेला तर फ्री भलत्याच जागेवर चालेल.

माझा आग्रह असा की लायब्ररीतल्या वापरात असलेल्या प्रत्येक फंक्शनची रेसटाइप आणि आर्गटाइप्स लिहा, काहीच परत न देणाऱ्या फंक्शनचीसुद्धा (तिथे रेसटाइप ‘नन’, म्हणजे काहीच नाही). हेडर शेजारी उघडी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. ‘सरासरी’ डबल परत देतं ना? त्याची रेसटाइप न दिल्यास क्रॅशही होणार नाही, नुसता कचरा आकडा येईल. कारण इंटेल-एएमडीच्या ६४ बिट लिनक्सवर डबल परत येतो एक्सएमएम० रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधला छोटा कप्पा), आणि सीटाइप्स बघत बसतं इंटच्या रजिस्टरमध्ये. मला क्रॅशपेक्षा याची जास्त भीती वाटते, कारण असा आकडा कुणाच्या तरी अहवालात जाऊन बसतो.

आर्गटाइप्सचा दुसरा फायदा तुम्हाला फाईलच्या नावावर दिसेल. पायथन ३ ची साधी स्ट्रिंग सीटाइप्स वाइड कॅरेक्टर म्हणून पाठवतं, आणि तुमचं फंक्शन मागतंय कॅर पॉइंटर, म्हणजे एकेका बाइटची स्ट्रिंग. लिनक्सवर एक वाइड कॅरेक्टर ४ बाइटचं. ‘पुणे’ पाठवलंत तर ‘प’चा क्रमांक हेक्समध्ये ०९२ए, मेमरीत उलट क्रमाने २ए ०९ ०० ००. सी ते वाचणार असं: एक फुली (*), एक टॅब, आणि लगेच शून्य, म्हणजे स्ट्रिंग संपली. विंडोजवर वाइड कॅरेक्टर २ बाइटचं, तिथे मधे शून्य येतच नाही. फुली, ए, हॅश, जी, आणि प्रत्येकामागे टॅब, असं आठ बाइटांचं विचित्र नाव तयार होतं. दोन्हीकडे फाईल उघडली नाही इतकंच कळतं आणि माणूस फोल्डर तपासत बसतो. आर्गटाइप्समध्ये सी_कॅर_पी लिहिलेलं असेल तर सीटाइप्स स्ट्रिंग घेतच नाही, तिथल्या तिथे आर्ग्युमेंटएरर देतं. मग फाईलच्या नावाला ओएस.एफएसएनकोड लावा, इतर मजकुराला यूटीएफ-८. आणि सी बाजूला लांबी पाठवत असाल तर ती एनकोड केल्यानंतरची पाठवा. पायथन ‘पुणे’ची लांबी ४ सांगतं, यूटीएफ-८ मध्ये ते १२ बाइट होतात. मराठी डेटा हाताळताना हे हटकून चुकतं, कारण इंग्रजी टेस्ट डेटावर दोन्ही आकडे सारखेच येतात.

हे सगळं करूनही पडत असेल तर पायथन ‘-एक्स फॉल्टहँडलर’ हा पर्याय देऊन चालवा. सेगमेंटेशन फॉल्टच्या क्षणी पायथनची कुठली ओळ चालू होती ते छापून येतं. सी बाजूची ओळ हवी असेल तर लायब्ररी ‘-जी’ लावून पुन्हा कंपाइल करा, जीडीबी या डीबगरखाली पायथन चालवा आणि पडल्यावर ‘बीटी’ (कुठून कुठे कॉल गेले ते दाखवणारी कमांड) टाका. फक्त एक ध्यानात असू द्या, प्रोग्राम जिथे पडतो तिथेच चूक असते असं नाही. सी फंक्शनने तुमच्या बफरच्या पलीकडे दोन-चार बाइट लिहिले, तर हीपची मोडतोड तेव्हाच होते, पण प्रोग्राम पुढच्या कुठल्यातरी निरपराध मॅलॉकमध्ये पडतो. असा संशय आला तर लायब्ररी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून बिल्ड करा. पायथन स्वतः त्याशिवाय बिल्ड झालेलं असतं, म्हणून सॅनिटायझरची लायब्ररी एलडी_प्रीलोड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आधी लोड करावी लागते.

तुमच्या प्रश्नात प्रोग्रेस दाखवणाऱ्या कॉलबॅकचाही, म्हणजे सी कोडने उलट बोलावायच्या पायथन फंक्शनचाही, उल्लेख आहे. सीफंकटाइपने बनवलेला ऑब्जेक्ट तुम्ही थेट कॉलमध्येच बनवून देताय. सीने तो पॉइंटर साठवून ठेवला आणि कॉल संपल्यावर वापरला, तर तोवर पायथनने ऑब्जेक्ट मेमरीतून काढून टाकलेला असेल. तो एखाद्या व्हेरिएबलमध्ये किंवा क्लासमध्ये धरून ठेवा, सीला त्याची गरज असेपर्यंत.

स्ट्रक्चर पाठवत नाही आहात, म्हणून त्यावर थोडक्यात: हेडरमधला फील्डचा क्रम तसाच ठेवा, हेडरमध्ये पॅकचा प्रॅग्मा (फील्डमधली रिकामी जागा काढायची कंपायलरला सूचना) आहे का बघा, आणि दोन्हीकडे साइझऑफ छापून आकडे जुळवा. लाँग शक्यतो वापरू नका. ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, विंडोजवर ४. हेडर तुमच्या हातात असेल तर इंट६४_टी करा.

सीटाइप्स सोडून सीएफएफआय (त्याच कामाची दुसरी पायथन लायब्ररी) घ्यावं का, असं शेवटी विचारलंय. पाच-सहा फंक्शन्ससाठी गरज नाही. लायब्ररी मोठी असेल, किंवा तिची हेडर दर आवृत्तीला बदलत असेल, तर सीएफएफआयची एपीआय पद्धत जरूर घ्या, कारण तिथे सी कंपायलरच तुमच्या घोषणा खऱ्या हेडरशी ताडून बघतो आणि विसंगती बिल्ड करतानाच पकडतो. आत्ता आधी ‘वाचा’ची रेसटाइप लिहा आणि मित्राच्या लॅपटॉपवर लहान फाईल चालवून बघा. तिथे चालली तर मोठी फाईल तुमच्याकडेही चालेल.